एक पायरी आत

सरांकडे कुठलंही काम घेऊन गेलं की आधी शीर्षक सांगावं लागायचं. दारात आलेल्या माणसाला ते बसा म्हणत नसत, काय काम आहे असंही विचारत नसत. चष्मा कपाळावर सारून एवढंच म्हणायचे, "शीर्षक?"

खेड्यातून आलेला माणूस बावचळायचा. "सर, ते पोराच्या दाखल्याचं. म्हंजे मी तहसीलला गेलतो, तर तिथला माणूस म्हनला की..." सर पंजा वर करायचे. "हे समदं पोटातलं झालं. वरचं सांगा." माणूस इकडंतिकडं बघायचा, भिंतीवरच्या तक्त्याकडं बघायचा आणि शेवटी घाबरत म्हणायचा, "अर्ज?"

"बराबर. बसा."

वसमतला मोंढ्याच्या रस्त्यावर, हळदीच्या एका आडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर सरांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मागच्या दोन खोल्यांत सर आणि काकू राहायचे. खाली पोती उतरायची आणि वर धूळ यायची. हळदीचा हंगाम सुरू झाला की आमचे की-बोर्ड पिवळे पडायचे, आणि टायपिंगच्या परीक्षेला बसलेल्या मुलींची बोटं लग्न ठरल्यासारखी दिसायची. कधीकाळी तिथं वीस टाइपरायटर खडखडत होते. मी गेले तेव्हा बारा कॉम्प्युटर होते आणि एकच टाइपरायटर, त्यावर काकू मिरच्या वाळत घालायच्या.

मी तिथं शिकवायला म्हणून गेले, आणि पहिल्याच दिवशी उशिरा पोचले, कारण हट्ट्याहून येणारी बस चुकली होती. सरांनी माझी प्रमाणपत्रं बघितली नाहीत. एक कोरा कागद पुढं सरकवला. "आज सकाळपासून काय काय झालं ते लिवा. मुद्दे पाडून. मुद्द्याच्या पोटात पोटमुद्दे."

मी लिहिलं. सकाळ, प्रवास, मुलाखत असे तीन मुद्दे पाडले. सकाळच्या खाली लिहिलं: उठले, डबा केला, बस चुकली. सरांनी कागद वाचला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"बस चुकली हे सकाळच्या पोटात काहून? हे प्रवासाच्या पोटात पाहिजे."

सकाळपासून माझं डोकं तापलेलंच होतं. मी म्हटलं, "सर, बस चुकली तेव्हा माझा प्रवास सुरूच झाला नव्हता. मी हट्ट्याच्या स्टँडवरच होते."

सरांनी ओळीवरचं बोट उचललं. मग त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "उद्यापासून या." पुढं तिथं मी चार वर्षं काढली.

सरांचं हे शीर्षकाचं वेड कुठून आलं, त्याची गोष्ट काकूंनी मला सांगितली. फार वर्षांपूर्वी साखर कारखान्यावर कॉम्प्युटर बसवायला एक इंजिनिअर आला होता. तो तीन महिने यांच्याकडं भाड्यानं राहिला. जाताना त्यानं सरांना एक फुकटातला टेक्स्ट एडिटर टाकून दिला आणि तो कसा वापरायचा याची चार पानं लिहून दिली. "भाडं बराबर देऊन गेला बिचारा," काकू म्हणायच्या, "पण हे काय देऊन गेला म्हनून मी आजून त्याला आठवते."

त्या एडिटरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. पण ओळीच्या सुरुवातीला एक तारा टाकला की ते मोठं शीर्षक व्हायचं. दोन तारे टाकले की त्याच्या पोटातलं, तीन टाकले की पोटातल्याच्या पोटातलं. शीर्षकावर कर्सर ठेवून टॅबचं बटण दाबलं की खालचं सगळं मिटायचं आणि शीर्षकापुढं नुसते तीन ठिपके राहायचे. परत दाबलं की उघडायचं. हजार ओळींची फाइल पाच ओळींची करून दाखवता यायची. सर याला घडी म्हणायचे. घडी घातली, घडी मोडली. दोन ओळींची अदलाबदल करायची तर आल्टचं बटण धरून बाण दाबायचा. वरचा बाण दाबला की ओळ वर जायची, आणि उजवा दाबला की ती एक पायरी आत, म्हणजे वरच्या ओळीच्या पोटात जायची. तिच्या घडीत जे काही असेल तेही सोबत जायचं.

हे सर मला पहिल्यांदा दाखवत होते तेव्हा त्यांचा चेहरा जत्रेत नेलेल्या लेकरासारखा झाला होता. "बघा मॅडम. एका बोटानं समदं घर मिटलं. अन् मोडलं काहीच न्हाई."

हळूहळू ते बोलायलाही तसंच लागले होते. कोणी फार लांबण लावली की म्हणायचे, "घडी घाला." काकूंशी भांडताना म्हणायचे, "मुद्दा एक." काकू म्हणायच्या, "मुद्दा राहू द्या, आधी तेल आना." एकदा मी काकूंना विचारलं, तुम्हाला याचा राग येत नाही का. त्या मिरच्या उलथवत म्हणाल्या, "राग कशाचा? समदं आयुष्य घड्या घालून राहिलाय मानूस. फक्त कपड्याची घडी आजपर्यंत एक बी घातली न्हाई."

त्यांच्या मुलीच्या लग्नाची तयारी सरांनी याच एडिटरमध्ये केली होती. मांडव, पाणी, गाड्या, मानपान. जेवणाच्या एका शीर्षकाखाली चाळीस ओळी होत्या: किती किलो डाळ, कोणत्या पंगतीला काय, कोणाला गोड चालत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी सरांनी त्याची प्रत काढून आचाऱ्याच्या हातात दिली आणि पाहुणे आणायला स्टँडवर गेले. पण प्रत काढताना घडी मोडायची राहिली होती. आचाऱ्याच्या हातात जो कागद पडला त्यावर एवढंच होतं: मांडव आणि तीन ठिपके, जेवण आणि तीन ठिपके, पाणी आणि तीन ठिपके. आचारी वसमतचाच, मुरलेला माणूस. त्यानं तो कागद दोनदा उलटसुलट करून बघितला आणि आपल्या मनानं स्वयंपाक केला. वऱ्हाडी आजही त्या जेवणाचं नाव काढतात. सरांना मात्र ते कौतुक सहन होत नसे. "त्याच्यात माझं काहीच न्हाई," ते म्हणायचे. "माझ्या चाळीस ओळी मिटूनच राहिल्या."

सरांच्या सगळ्या फायलींत मोठी फाइल होती तांड्याची.

वारंगा फाट्यावरून आत काही कोसांवर सरांचा तांडा. त्यांचे पूर्वज बैलांवर माल लादून गावोगाव हिंडायचे. आता सगळे शेती करतात. तांड्यातून शिकून वसमतला येऊन बसलेला पहिला माणूस म्हणजे सर. त्यामुळं तांड्यातल्या कुठल्याही पोराला जातीचा दाखला लागला, पुढं त्याची पडताळणी लागली की सरांकडं यायचं. पडताळणीला वंशावळ लागते: पणजोबा कोण, त्याचे मुलगे कोण, त्यांचे मुलगे कोण. दर वेळी नव्यानं विचारत बसण्यापेक्षा सरांनी अख्ख्या तांड्याचीच वंशावळ एका फाइलीत बसवली होती. मूळ पुरुषाला एक तारा, मुलांना दोन, नातवांना तीन. सगळं मिळून चौदाशेच्या वर ओळी. ज्याला पाहिजे त्याची फांदी उघडायची, छापायची, बाकी मिटलेलं ठेवायचं. सर पैसे घेत नसत. तांड्यात कोणाला मुलगा झाला की फोन यायचा आणि सर दुसरी कामं सोडून आधी नाव टाकायचे.

त्या फाइलीला दुसरा कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मला परवानगी मिळाली ती तिसऱ्या वर्षी, तीही नाइलाजानं. त्यांची मुलगी बाळंतपणाला होती, आणि सर व काकू तिकडं दहा दिवस गेले होते. तेवढ्यात तांड्यातून फोन आला. हरचंदच्या शाखेत एक मुलगा झाला होता. सरांनी फोनवरून सांगितलं, "तुमी टाका मॅडम. सांभाळून."

मी सांभाळूनच टाकलं. हरचंदच्या शाखेत शेवटच्या माणसाखाली बाळाचं नाव लिहिलं, एक पायरी आत घ्यायचं म्हणून आल्ट धरून उजवा बाण दाबला. नाव हललं नाही असं वाटलं म्हणून कर्सर नीट नावावर ठेवून परत दाबला. या वेळी हललं. फाइल जतन केली आणि मोठं काम केल्याच्या खुशीत चहा प्यायला गेले.

दोन महिन्यांनी शीतलचे वडील जिना चढून आले.

त्यांचं वारंगा फाट्यावर टायर पंक्चरचं दुकान होतं. शीतल त्यांची थोरली पोरगी, बारावीला चांगले मार्क पडलेली, नर्सिंगला जायचं म्हणून हट्ट धरून बसलेली. तिची वंशावळ सरांनीच दोन आठवड्यांपूर्वी छापून दिली होती. वडिलांच्या हातात पडताळणीच्या कार्यालयाचं पत्र होतं. त्या दिवशी सरांनी त्यांना शीर्षक विचारलं नाही; माणसाचा चेहराच तसा होता.

पत्रात असं होतं, की अर्जदाराच्या वंशावळीत तिचे पणजोबा थावरा हे हरचंद यांचे पुत्र दाखवले आहेत. परंतु याच कुटुंबातल्या दुसऱ्या एका व्यक्तीच्या मंजूर झालेल्या वंशावळीत थावरा आणि हरचंद हे सख्खे भाऊ, दोघेही सोमला यांचे पुत्र आहेत. पंधरा दिवसांत खुलासा करावा. नाहीतर अर्ज नामंजूर.

"प्रवेशाची यादी लागायला तीन हप्ते राहिले सर," शीतलचे वडील म्हणाले. "पोरीनं दोन दिस झाले जेवन केलं न्हाई."

"माझी फाइल चुकत न्हाई," सर म्हणाले. "त्यायनं वाचायला चूक केली आसंल."

त्यांनी कपाटातून जुनी प्रत काढली, नवी प्रत तिच्याशेजारी ठेवली. जुन्या कागदावर सोमलाच्या पोटात हरचंद आणि थावरा एकाखाली एक, बरोबरीनं उभे होते. नव्या कागदावर थावरा एक पायरी आत होता. आणि त्याच्यामागून त्याची मुलं, नातवंडं, पतवंडं, सगळी शाखाच एकेक पायरी आत सरकली होती. सर दर महिन्याला फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवायचे. त्यांनी एकेक महिना मागं जात बघितलं. मुलीच्या बाळंतपणाआधीची प्रत बरोबर होती. नंतरची चूक. आणि चुकीच्या प्रतीत हरचंदच्या शाखेत ते नवं बाळ होतं.

मला तेव्हाच कळलं. पहिल्यांदा बाण दाबला तेव्हा कर्सर खालच्या ओळीवर घसरलेला होता. खालची ओळ म्हणजे थावरा, आणि त्याच्यापुढं तीन ठिपके. मी बाळाच्या नावाकडं बघत होते, आणि माझ्या एका बोटानं साठ-सत्तर माणसं भावाच्या पोटात ढकलली गेली होती. पडद्यावर हललेली दिसली असती ती एकच ओळ.

सर शीतलच्या वडिलांना म्हणाले, "तुमी जा. मी परवा तांड्यावर येतो."

त्यानंतरचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. काम असलं की चिठ्ठी टाइप करून माझ्या टेबलावर ठेवायचे. "१. चारची बॅच. अ) दोन मुली नवीन." मी चिठ्ठी वाचून काम करायचे. काकूंनी एकदा दारातून दोघांकडं बघितलं आणि माझ्या हातात पोह्यांची बशी देऊन गेल्या. मी ती तशीच टेबलावर ठेवली. मी सोडून जायचं ठरवलं होतं. फक्त शीतलचं होईपर्यंत थांबायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर दारात येऊन म्हणाले, "चला. तांड्यावर जायचंय."

तांड्यावर लिंबाखाली बरीच माणसं जमली होती. शीतलची आजी, म्हणजे थावराची सून, बाजेवर बसलेली. शीतल दाराला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. सरांनी त्यांच्या बोलीत आधी आजीला काही विचारलं. ती बोली मला येत नव्हती, पण आजी हसायला लागली एवढं दिसलं. मग माझ्यासाठी ती मराठीत म्हणाली, "थावरा हरचंदचा पोरगा? माजी सासू झमकू अन् हरचंदची बायकू रुमली, दोगी सख्ख्या बहिणी. एकाच मांडवात हळद लागली दोगींना. बाप-लेकाला कोनी सख्ख्या बहिणी देतंय व्हय?"

शीतलच्या वडिलांनी मग सरळ विचारलं, "पर सर, मंग हे झालं कोनाच्या हातानं?"

"माझ्या," सर म्हणाले.

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. एवढ्या माणसांत, शीतलच्या त्या डोळ्यांसमोर माझी जीभ उचलली नाही. ही गोष्ट मी कुणालाही सांगताना इथं जरा थांबते.

परत येताना वारंगा फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "सर, मी त्यांना सांगणार आहे. चूक माझी आहे."

"तुमचीच हाय," सर म्हणाले. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "पर मिटलेल्या फाइलीवर काम करायचं हे तुमाला कोनी शिकवलं? मी. काम करताना आधी समदं उघडून बगा, हे मी तुमाला एकदा तरी सांगितलं का? न्हाई सांगितलं. मला घड्या घालायचा नाद. तवा दोन दिस मी तुमच्यावर राग धरून बसलो, अन् तिसऱ्या दिशी कळलं की अर्धा राग माझ्यावरच हाय. मंग बोललो."

हिंगोलीला सुनावणीच्या दिवशी कार्यालयाच्या बाहेर, बाकावर, मी शीतलच्या वडिलांना सांगून टाकलं. शीतल शेजारीच होती. ते मग म्हणाले, "मॅडम, मी एक पंक्चर काढता काढता दुसरं भोक पाडतो कदी कदी. गिऱ्हाईक चिडतंय. मंग दोनी काढून देतो. तुमी आलाव न्हवं संगं?"

शीतलच्या मांडीवरच्या कागदांच्या फायलीची दोरी सुटत होती, ती तिनं माझ्याकडं धरायला दिली.

आत एक अधिकारी बाई होत्या, चष्म्यातून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. सरांनी टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि सोमलापासून सुरुवात केली. एकेक घडी मोडत गेले. हा हरचंद, हे त्याचे मुलगे, हा थावरा, हे बघा तारे, आता इथं उजवा बाण दाबला तर. त्यांना थांबायचं कळत नव्हतं. बाईंनी तीन-चार मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मला मुख्य मुद्दा सांगा."

सरांचं बोट बटणावरच थांबलं. अख्ख्या वसमतला ज्यांनी हा प्रश्न विचारला, त्यांना तो कोणी विचारलेला मी पहिल्यांदाच बघत होते. मग लॅपटॉप मिटवून ते म्हणाले, "मुख्य मुद्दा हा, की थावरा हरचंदचा भाऊ हाय, पोरगा न्हाई. चूक टायपिंगची हाय, अन् टायपिंग माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये झालंय. पोरीची चूक काहीच न्हाई."

बाईंनी शपथपत्रं बघितली. आजीचं, तांड्यातल्या आणखी दोन म्हाताऱ्यांचं, सरांचं, आणि मी हट्ट धरून जोडलेलं माझं. मग आजीला विचारलं, "तुम्हाला एवढं नक्की कसं माहीत?"

"माजी सासू कोनाची बहीण व्हती ते मला म्हाईत नसंल तर कोनाला म्हाईत आसंल?" आजी म्हणाली.

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हसू आलं. त्यांनी वंशावळीचा कागद परत उचलला आणि सरांना विचारलं, "यात त्यांच्या सासूबाईंचं नाव कुठं आहे?"

"न्हाई मॅडम."

"का नाही?"

"फॉर्ममध्ये मागत न्हाईत."

"फॉर्म आमचा आहे," बाई म्हणाल्या. "फाइल तुमची आहे ना?"

येताना बसमध्ये सर खिडकीतून बाहेर बघत बसले होते. औंढ्याच्या पुढं कुठंतरी एकदम माझ्याकडं वळून म्हणाले, "दोनी बायकांची नावं फाइलीत असती, तर मी छापताना बघितलं असतं. बापाची बायको रुमली अन् लेकाची बायको रुमलीची बहीण. आंधळ्याला बी दिसलं असतं." आणि परत खिडकीकडं तोंड केलं.

शीतलचं प्रमाणपत्र यादीच्या चार दिवस आधी आलं. पहिल्या यादीत तिचा नंबर लागला नाही, दुसऱ्या यादीत नांदेडच्या एका कॉलेजात लागला. तिचे वडील पेढे घेऊन आले, तेव्हा हातांना ग्रीस तसंच होतं. काकूंनी पेढा घेताना त्यांना आधी हात धुवायला लावले.

पुढच्या रविवारी सर लॅपटॉप घेऊन परत तांड्यावर गेले, आणि मला नि काकूंनाही सोबत घेतलं. फाइलीत सगळ्या बायका आणि लेकी घालायच्या होत्या. त्यांना वाटलं होतं, दुपारपर्यंत होईल. त्यांनी लिंबाखाली बाज मागवली, सगळी फाइल पूर्ण उघडून ठेवली, आणि आजीपासून सुरुवात केली. आसपासच्या बायका हातातली कामं टाकून येत गेल्या. एक नाव सांगायची, दुसरी दुरुस्त करायची, तिसरी हसायची. कोणाची मावशी कोणाची जाऊ निघाली. सर टाइप करता करता दर पाच मिनिटांनी थांबायला लागले, आणि मग थांबलेच.

"काय झालं सर?" मी विचारलं.

"बसत न्हाई," ते म्हणाले. "झमकूला थावराजवळ घेतलं, तर तिच्या बापाच्या पोटातून ती जाते. बापाच्या पोटात ठेवलं, तर थावरा एकटा राहतो. एक ओळ एकाच शीर्षकाच्या पोटात राहते मॅडम. एक बाई दोन ठिकाणी कशी ठेवायची?"

मी आजीला अडचण समजावून सांगितली. तिनं लॅपटॉपकडं बघितलं, मग सरांकडं.

"आमी जन्मभर दोन ठिकानीच राहिलो की," ती म्हणाली. "तुज्या मशिनीला एवढ्यात तकलीफ व्हऊन राहिली?"

बायका हसल्या. सर हसले नाहीत. फाइलीच्या पार तळाशी जाऊन त्यांनी एक तारा टाकून नवं शीर्षक लिहिलं: झमकूच्या बापाचा तांडा. त्याच्या पोटात झमकू लिहिली, रुमली लिहिली. मग वर येऊन थावराशेजारी परत झमकू, हरचंदशेजारी परत रुमली. एकच माणूस दोनदा लिहिणं ही त्यांच्या दृष्टीनं फाइलीतली सगळ्यात मोठी घाण होती, असं त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांनी ती सव्वाशे वेळा केली. ऊन फिरलं तशी बाज सावलीत सरकवत गेलो. दोनदा चहा झाला. त्या एका तांड्याच्या फाइलीत संध्याकाळपर्यंत अकरा तांडे आले.

निघायच्या वेळी सर लॅपटॉप मिटवायला लागले, तेव्हा काकू, ज्या दिवसभर बायकांत बसून गप्पा मारत होत्या, उठून आल्या आणि बाजेवर त्यांच्याशेजारी बसल्या.

"माजं लिवा," त्या म्हणाल्या. "दोनी ठिकानी."

सरांनी लिहिलं. काकूंच्या आईचं नाव त्यांना माहीत होतं, ते न विचारताच टाइप केलं. मग बोटं की-बोर्डवर तशीच ठेवून त्यांनी काकूंकडं बघितलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि त्या आईच्या आईचं नाव त्यांना माहीत नव्हतं.

"रूपली," काकू म्हणाल्या.

"रु ऱ्हस्व का दीर्घ?"

"ते मला काय म्हाईत?" काकू म्हणाल्या. "तिला कोनी कदी लिवलंच न्हाई."

"मंग दीर्घच घेऊ," सर म्हणाले, आणि त्यांनी तिला लिहिलं.